भराभर वाढणारी शोभेची झाडे: लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत काय करावे, काय टाळावे?

परसदार

नमस्कार मंडळी. घराच्या बाजूला पडून असलेल्या मोकळ्या जागेत सावली आणि फुले दोन्ही देतील आणि फार वर्षे वाट पाहायला लावणार नाहीत, अशी काही झाडे लावण्याचे ठरवले आहे. त्यासाठी गुलमोहर, नीलमोहर (म्हणजे जॅकरँडा) आणि सोनमोहर यांची रोपे आणून ठेवली आहेत. तिन्ही झाडे झपाट्याने वाढतात म्हणूनच ती निवडली. रोपे काळ्या पिशव्यांत असून उंचीने माझ्या डोक्यावर हातभर गेलेली आहेत; पण खोड जेमतेम अंगठ्याएवढे आहे आणि ते बांबूला जागोजागी सुतळीने आवळून बांधलेले आहे. एका रोपाची सुतळी सोडून पाहिली, तेव्हा शेंडा वाकून थेट जमिनीकडे आला, म्हणून ती पुन्हा बांधून टाकली.

जमीन वरून काळी आहे, दोनेक फुटांखाली पिवळसर चिकण लागते आणि जोराचा पाऊस झाला की पाणी बराच वेळ तुंबून राहते.

लागवडीबद्दल मला मिळालेले सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी सांगतो की तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तो निम्मा शेणखताने भरावा. कोणी म्हणतो की खत मुळीच घालू नये. शेंडा लावतानाच छाटला तर झाड डेरेदार होते असे एक मत आहे, तर शेंड्याला हातच लावू नये असे दुसरे. बांबू किती काळ ठेवावा, पाणी रोज द्यावे की आठवड्यातून एकदा, खोडावर खालच्या बाजूने फुटलेल्या बारीक फांद्या काढाव्यात की राहू द्याव्यात, याविषयीही असाच गोंधळ आहे. ज्यांनी अशी झाडे प्रत्यक्ष वाढवली आहेत, त्यांनी कृपया कारणांसह मार्गदर्शन करावे. झाड पुढे वाऱ्यात मोडणार नाही, याची काळजी आत्ताच कशी घ्यावी, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

रानवाट

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बाकीच्या प्रश्नांची उत्तरेही त्यातूनच निघतात. भराभर वाढणाऱ्या झाडाला आणखी भराभर वाढवण्याची गरज नसते. उंची ते आपोआप गाठते. त्या उंचीला पेलणारी मुळे आणि खोड मात्र मागे पडू शकतात, आणि पहिली दोन-तीन वर्षे आपल्याला सांभाळायचे असते ते नेमके हेच. मी जमिनीखालच्या बाजूपुरते लिहितो. बांबू आणि छाटणीबद्दल येथे माझ्याहून अधिक जाणकार लोक आहेत.

खड्डा घेण्याआधी पिशवीतल्या मातीचा वरचा थर बोटांनी हलकेच उकरून पाहा. खोड खाली उतरताना जिथे फुगीर होते आणि पहिली जाड मुळे आडवी फुटतात, ती जागा सापडली पाहिजे. रोपे लहान पिशवीतून मोठ्या पिशवीत हलवताना वरून माती टाकली जाते, त्यामुळे ही जागा बऱ्याचदा चार-पाच बोटे आत गाडलेली असते. लागवड झाल्यावर हा फुगीर भाग जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे आणि तुमच्यासारख्या पाणी धरणाऱ्या जमिनीत तर तो दोन-तीन बोटे वरच असलेला बरा. खोडाची साल मुळांच्या सालीसारखी सततच्या ओलाव्यात राहण्यासाठी घडलेली नसते. खोल गाडलेले झाड लगेच मरत नाही, म्हणूनच ही बाब कोणाच्या लक्षात येत नाही. दोन-तीन वर्षे ते बरे दिसते, मग पाने लहान पडू लागतात, शेंडे वाळतात, आणि तोवर बुडाशी साल कुजलेली असते किंवा एखादे मूळ खोडालाच वेढा घालून बसलेले असते.

म्हणून खड्ड्याची खोली ठरवताना फूटपट्टी बाजूला ठेवावी आणि पिशवीतल्या हुंडीची, म्हणजे मुळांसकट असलेल्या मातीच्या गोळ्याची, उंची मोजावी. तेवढीच खोली पुरे, किंबहुना त्यापेक्षा थोडी कमीच. हुंडीच्या तळाखालची माती न हलवता तशीच घट्ट राहू द्यावी. ती उकरून पुन्हा भरली तर काही महिन्यांत खाली बसते आणि झाडही तिच्याबरोबर खचते. रुंदी मात्र सढळ हाताने घ्यावी, हुंडीच्या दुप्पट-तिप्पट. झाडाची बारीक अन्नशोषक मुळे, ज्यांना आपण जारवा म्हणतो, ती बहुतांशी वरच्या 30 ते 60 सेंटिमीटरच्या थरात पसरतात, कारण हवा तिथेच मिळते. खोल खड्ड्यापेक्षा पसरट खड्डा त्यांना जास्त उपयोगी पडतो.

लावण्यापूर्वी एक सोपी तपासणी करा. खड्डा पाण्याने काठोकाठ भरा, ते मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरले नाही, तर त्या जागी निचऱ्याची अडचण आहे हे समजावे. अशा ठिकाणी खड्डा आणखी खोल करून तळाशी वाळू किंवा खडी घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो निरुपयोगी आहे. भोवतालची चिकण माती पाणी सोडतच नाही, तेव्हा तो खड्डा हौदासारखा भरतो आणि मुळे आत गुदमरतात. त्यापेक्षा एक-दीड फूट उंचीचा, चांगला ऐसपैस आणि उताराच्या कडा असलेला वरंबा घालून त्यावर झाड लावावे. तुम्ही सांगितलेल्या जमिनीत मी तिन्ही झाडांसाठी वरंबाच घेतला असता.

आता खत. खड्डा निम्मा शेणखताने भरू नये, यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे सेंद्रिय पदार्थ कुजून आकसतो आणि झाड पुन्हा खोल जाते. दुसरे, मुळांना खड्ड्यातच भुसभुशीत, सकस माती मिळाली की बाहेरच्या कठीण मातीत शिरण्याऐवजी ती आतल्या आत घोटाळत राहतात. उकरलेलीच माती ढेकळे फोडून परत भरावी. कुजलेले खत वरून, आळ्याच्या पृष्ठभागावर पसरावे आणि त्यावर पालापाचोळ्याचे पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे. आच्छादन खोडाला टेकता कामा नये. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. कच्चे शेण तर कुठेच घालू नये, त्याने हुमणी आणि वाळवी दोन्हींना आमंत्रण मिळते.

पाण्याबद्दल एवढेच सांगतो की पहिले काही आठवडे पाणी हुंडीवर पडले पाहिजे, नुसते आळ्याच्या कडेला नव्हे. रोपवाटिकेतले मिश्रण हलके असते आणि भोवतालच्या जमिनीच्या आधी सुकते. त्यामुळे बाहेरची माती ओली आणि हुंडी कोरडी अशी स्थिती येते व माणूस गोंधळतो. सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, आणि नव्या फुटीची पाने पूर्ण पसरली की आळे रुंद करत जाऊन आठवड्यातून एकदा भरपूर, असा क्रम ठेवावा. अमुक दिवशी पाणी हे वेळापत्रक पाळण्यापेक्षा बारीक लोखंडी सळई मातीत खुपसून पाहावी. ओलाव्यातून ती सहज जाते आणि कोरड्या थराला लागताच अडते. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी, असताना पुन्हा पाणी देण्याचे कारण नाही. रोज शिंपडलेल्या तांब्या-दोन तांब्यांनी मुळे वरच्या चार बोटांतच राहतात.

पानगळ

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. बांबू आणि छाटणीचे मी लिहितो.

तुमच्या रोपांचे खोड स्वतःच्या शेंड्याचा भार पेलू शकत नाही, याचे कारण तो बांबूच आहे. वाऱ्याने खोड हलते तेव्हा झाड त्या हालचालीला प्रतिसाद देऊन उंचीची वाढ थोडी आवरते आणि जाडी वाढवते. मॉर्डेकाय जाफे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1973 साली या प्रतिसादाला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असे भारदस्त नाव दिले. रोपांची खोडे रोज काही सेकंद नुसती चोळली तरी ती बुटकी आणि जाड होतात, हे त्याने दाखवून दिले होते. रोपवाटिकेत रोपे एकमेकांना खेटून ठेवतात, त्यांना वारा लागत नाही, उजेडासाठी ती वर धावतात, खालच्या फांद्या खुडलेल्या असतात आणि सगळा भार बांबूवर असतो. गिऱ्हाइकाला उंच रोप हवे असते, त्यामुळे हे असेच चालत राहणार.

आता उपाय पाहू. तो खोडाला चिकटून बांधलेला बांबू लागवडीनंतर काढून टाका. त्याऐवजी हुंडीच्या बाहेर, खोडाच्या दोन बाजूंना दोन मजबूत काठ्या रोवा. झाड ताठ राहण्यासाठी खोडाला कमीत कमी किती उंचीवर आधार लागतो, ते हाताने धरून पाहा: हात खालून वर सरकवत न्या आणि शेंडा सरळ उभा राहील त्या ठिकाणी थांबा. त्याच्या वीतभर वर रुंद, मऊ पट्टीने, कापडाची किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबची चालेल, इंग्रजी आठच्या आकड्यात सैल बांधा. खोड हलले पाहिजे, पण हुंडी हलता कामा नये. हुंडी हलली तर कोवळी पांढरी मुळे तुटतात. सुतळी किंवा तार खोडाला कधीही थेट लावू नका. गुलमोहराच्या जातीची झाडे एका हंगामात इतकी जाड होतात की सुतळी सालीत रुतते, पानांतून खाली येणारे अन्न तिथे अडते आणि गाठीच्या वरच्या बाजूला खोड सुजल्यासारखे फुगते. असा फुगवटा तुमच्या रोपांवर आत्ताच कुठे आहे का, ते बोट फिरवून पाहा.

दर दोन-तीन महिन्यांनी गाठ खाली सरकवत न्यावी आणि साधारण वर्षभरात काठ्या काढून टाकाव्यात. वर्षानंतरही झाड आधाराशिवाय उभे राहत नसेल, तर दोष बहुधा मुळांत आहे आणि काठी तो फक्त झाकते आहे.

शेंडा लावताना छाटू नये. पूर्वी सगळीकडे असे सांगितले जात असे की मुळे तुटली आहेत म्हणून वरचा भारही कमी करावा. पण नवी मुळे फुटण्यासाठी लागणारे अन्न पानांतूनच येते आणि शेंड्याकडच्या कळ्यांतून मुळांच्या वाढीला चालना देणारी संप्रेरके खाली जातात. शिवाय शेंडा उडवला की त्याच्या खालचे दोन-तीन डोळे (फांदीच्या कळ्या) एकदम फुटतात आणि एका खोडाच्या जागी सारख्या जाडीचे दोन-तीन धुमारे शर्यत लावतात. नीलमोहर याबाबतीत विशेष खोडसाळ आहे. कापलेल्या जागेतून सरळ आकाशाकडे जाणारे पाणफुटवे येतात आणि त्याचा मूळचा मोकळा, पसरट डौल परत येत नाही.

खोडावरच्या खालच्या बारीक फांद्या दोन वर्षे तरी राहू द्या. त्यांची पाने खोडाच्या त्याच भागाला पोसतात, त्यामुळे खोड बुडाकडे जाड आणि वर निमुळते होते. शिवाय कोवळ्या सालीवर सावली राहून ती उन्हाने भाजत नाही. त्या फार लांबू लागल्या तर टोके खुडून आखूड ठेवाव्यात आणि पेन्सिलीपेक्षा जाड होण्याआधी, खालून वर, एकेक करून काढाव्यात. गुलमोहराचे पान दोनदा विभागलेले आणि हातभर लांब असते, त्यामुळे नवखा माणूस पानाच्या देठालाच फांदी समजून सिकेटर (छाटणीची कात्री) चालवतो. ज्याच्या काखेत डोळा आहे आणि ज्याच्यावर स्वतःचा एकही डोळा नाही, ते पान.

झाड वाऱ्यात का मोडते याचे उत्तर बहुतेक वेळा बेचक्यात सापडते. सारख्याच जाडीच्या दोन फांद्या अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वर गेल्या की मधली साल आत दुमडली जाते आणि दोघींचे लाकूड एकमेकांत गुंतत नाही. दिसायला जोड असतो, प्रत्यक्षात ती चीर असते. यासाठी अमेरिकेतल्या शोभेच्या ब्रॅडफर्ड नासपतीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 1963 साली प्रसारित झालेले हे वाण पांढऱ्या बहरामुळे, नेटक्या आकारामुळे आणि झटपट वाढीमुळे रस्तोरस्ती लागले. पण त्याच्या बहुतेक फांद्या खोडावर एकाच जागेतून अरुंद कोनात निघतात, म्हणून पंधरा-वीस वर्षांची झाडे वादळात मधोमध फाटू लागली. पुढे त्याच्या जवळच्या वाणांशी संकर होऊन ते रानोमाळ उगवू लागले, ही वेगळीच डोकेदुखी. ओहायो राज्याने 2023 मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने 2024 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. मजबूत खोडाऐवजी झटपट आकाराला भुलण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

तेव्हा दुसऱ्या वर्षापासून दर हंगामात एकदा झाडाखाली उभे राहून वर पाहावे आणि प्रमुख खोड कोणते ते ठरवावे. त्याच्याशी स्पर्धा करणारी फांदी एकदम बुडापासून तोडण्याची घाई करू नये. ती निम्म्याने आखूड करून एखाद्या बाहेरच्या उपफांदीवर आणून सोडावी, म्हणजे तिची वाढ मंदावते आणि मुख्य खोड पुढे निघून जाते. कोणत्याही फांदीची जाडी ती जिथून निघते तिथल्या खोडाच्या निम्म्याहून अधिक होऊ देऊ नये आणि एका वर्षात झाडाच्या हिरव्या पसाऱ्यापैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नये.

काळीमाती

सर्व उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, पण खताविषयीचा मुद्दा सरसकट लागू करू नये असे मला वाटते. जिथे माती जवळपास नाहीच, नुसता मुरूम किंवा बांधकामाचा राबिट पसरलेला आहे, तिथे उकरलेलाच माल परत भरायचा म्हणजे झाडाला विटांच्या तुकड्यांत लावण्यासारखे झाले. अशा जमिनीत मी बाहेरून चांगली माती आणि पूर्ण कुजलेले खत मिसळून खड्डे भरलेले आहेत आणि झाडे उत्तम वाढली आहेत. तीन फुटांचा खड्डा हा सल्लाही कदाचित अशाच कठीण जमिनींसाठी निघाला असावा.

रानवाट

तुमचे म्हणणे रास्त आहे. जिथे मातीच नाही तिथे माती आणावीच लागते. मी लिहिले ते ज्या जमिनीला माती म्हणता येईल तिच्यापुरते. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. आणलेली माती एका खड्ड्यापुरती न ठेवता शक्य तितक्या रुंद पट्ट्यात पसरावी आणि आजूबाजूचा घट्ट थर पहारीने जागोजागी फोडून ठेवावा, म्हणजे मुळांना वाट मिळते. आणि खत मिसळायचेच असेल तर ते सर्व मातीत सारखे मिसळावे, तळाशी थर करून घालू नये. तळाच्या थरातले खत हवेवाचून सडते आणि मुळे तिथे पोहोचलीच तर काळी पडतात.

परसदारांच्या जमिनीत मात्र दोन फूट चांगली काळी माती आहे, तेव्हा त्यांना या खटाटोपाची गरज नाही. नत्राचे रासायनिक खतही पहिल्या वर्षी देऊ नये. आधीच लवचीक असलेल्या शेंड्यावर त्याने पानांचा आणखी भार चढतो, आणि फुलांच्या दृष्टीनेही फायदा शून्य आहे.

परसदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खड्ड्यात पाणी भरून पाहिले. एका जागी ते उतरले, पण खालच्या अंगाच्या दोन्ही जागी दुसऱ्या दिवशीही डबके तसेच होते, म्हणून तिथे वरंबे घालणार आहे.

एका रोपाची पिशवी ब्लेडने उभी चिरून पाहिली. सोनमोहराचे हे रोप आहे. मुळे पिशवीच्या आतल्या बाजूने गोल गोल फिरून तळाशी जाड वेटोळे झाले आहे. माती अशी फारशी दिसतच नाही. वरून उकरल्यावर खोडाचा फुगीर भाग चार बोटे खाली सापडला आणि त्याच्या वरच्या मातीत खोडातून फुटलेली बारीक मुळेही आहेत. दुसरी अडचण गुलमोहराच्या एका रोपाची आहे: कमरेच्या उंचीवर त्याचे दोन सारखे शेंडे झाले आहेत आणि मधल्या बेचक्यात सालीची काळसर रेघ दिसते. ही दोन्ही रोपे ठेवावीत की बदलून आणावीत? आणि मुळांना हात लावला तर झाड दगावणार नाही ना?

पानगळ

गुलमोहर ठेवा. कमरेच्या उंचीवरचे बेचके आत्ता, फांदी बोटाएवढी असताना, दुरुस्त करणे अगदी सोपे आहे. दोन शेंड्यांपैकी जो खोडाशी अधिक सरळ रेषेत आहे तो ठेवा आणि दुसरा काढून टाका. इतक्या कोवळ्या वयात तो पूर्ण काढला तरी चालतो, कारण जखम लहान असते आणि नव्या सालीने लवकर झाकली जाते. काप घेताना फांदी खोडाला मिळते तिथे सालीची जी किंचित फुगलेली कड दिसते, तिच्या अगदी बाहेरून घ्यावा. कड खरवडून सपाट काप घेऊ नये आणि बाहेर खुंटीही ठेवू नये. अमेरिकी वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडांचे ओंडके उभे चिरून दाखवले की झाड जखम बरी करत नाही, ते कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून त्याला कोंडते, आणि ही कड त्या बंदोबस्ताचा महत्त्वाचा भाग आहे. कापलेल्या जागेवर डांबर, रंग किंवा शेण लिंपण्याने कूज थांबत नाही, हेही त्यांच्याच कामातून पुढे आले. जागा उघडी ठेवावी.

काळसर रेघ म्हणजेच मी म्हटलेली आत दुमडलेली साल. ती दिसते आहे याचा अर्थ हे बेचके पुढे फाटण्याची शक्यता बरीच होती.

सोनमोहराच्या मुळांबद्दल रानवाट सांगतीलच, पण बदलून आणण्याची संधी असेल तर मी तरी ती घेईन. बदलताना सर्वांत उंच रोप निवडू नका. कमी उंचीचे, जाड खोडाचे, खालपर्यंत पाने असलेले आणि बांबूशिवाय उभे राहणारे रोप घ्या. थंड हवामानात असा ढोबळ आडाखा आहे की खोडाच्या प्रत्येक इंच जाडीमागे नव्या जागी रुजायला साधारण एक वर्ष लागते. उष्ण हवामानात हा काळ बराच कमी असला तरी लहान रोप लवकर रुजते हे सगळीकडे सारखेच खरे आहे. म्हणूनच छातीएवढे रोप काही वर्षांत डोक्यावरच्या रोपाला गाठते, पुष्कळदा मागेही टाकते.

रानवाट

बदलणे शक्य नसेल तर मुळे दुरुस्त करावी लागतील, आणि हात लावण्याने झाड दगावेल ही भीती बाळगू नये. न लावण्यात अधिक धोका आहे. गोल फिरलेले मूळ जमिनीत गेल्यावर सरळ होत नाही. ते त्याच वेटोळ्यात जाड होत जाते, खोडही जाड होत जाते, आणि दोघे एकमेकांना भिडले की मूळ खोडाचा गळा आवळते. अशी झाडे सात-आठ वर्षांची होऊन चांगली बहरात असताना एखाद्या साध्याशा वाऱ्यात जमिनीलगत पिळवटून पडतात, आणि पाहावे तर बाहेरच्या मातीत एकही जाड मूळ गेलेले नसते.

काम सावलीत आणि मुळांवर पाणी शिंपडत करावे. आधी रोप पाण्याने भरलेल्या घमेल्यात तासभर ठेवावे. मग तळाचे वेटोळे धारदार करवतीने किंवा सुरीने दोन-तीन बोटे जाडीची चकती काढल्यासारखे पूर्ण कापून टाकावे. त्यानंतर हुंडीच्या चारही बाजूंचा बोटभर जाडीचा थर वरून खाली तासावा, म्हणजे गोल हुंडी चौकोनी होते आणि वळणारी प्रत्येक मुळी तुटते. कापलेल्या टोकांतून नवी मुळे बाहेरच्या दिशेने फुटतात. खोडाच्या फुगीर भागावरची चार बोटे माती काढून टाकावी आणि तिच्यात खोडातून फुटलेली बारीक मुळे सिकेटरने खोडालगत कापावीत. उरलेल्या भागात एखादे पेन्सिलीएवढे मूळ खोडाला आडवे जाताना दिसले, तर तेही वळणाच्या सुरुवातीलाच कापावे. हे सर्व झाल्यावर लगेच लागवड करून भरपूर पाणी द्यावे, आणि पुढचे काही आठवडे पाण्यात हयगय करू नये. काही पाने गळतील. त्यावरून रोप गेले असे समजू नये. खोडाची साल नखाने जराशी खरवडून पाहावी, खाली हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

जागेबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी लिहितो. गुलमोहराचा पसारा त्याच्या उंचीइतका किंवा त्याहूनही अधिक होतो आणि त्याची मुळे उथळ व जाड असतात. भिंतीपासून सहा मीटरपेक्षा जवळ तो लावू नये, फरसबंदीजवळ तर नकोच. विजेच्या तारांखाली तिन्हींपैकी कोणतेही झाड नको, कारण पुढे तारांसाठी होणारी छाटणी म्हणजे शेंडाच उडवणे असते. दोन झाडांत आठ-दहा मीटर अंतर सुरुवातीला ओकेबोके वाटेल. मधल्या जागेत झुडपे लावा, ती नंतर काढता येतात. नीलमोहराला कडाक्याच्या थंडीची सवय नसते, म्हणून हिवाळ्यात दव गोठत असेल तर पहिली दोन वर्षे त्याला वाऱ्याच्या आडोशाची जागा द्यावी.

काळीमाती

कीड-रोगांचे राहिले आहे, म्हणून थोडक्यात भर घालतो. गुलमोहरावर पाने खाणाऱ्या हिरव्या उंट-अळ्या येतात आणि दोन-चार दिवसांत झाड निष्पर्ण करतात. रुजलेले झाड त्यातून पुन्हा फुटते, औषध मारण्याची घाई नको. पहिल्याच वर्षीच्या रोपावर मात्र त्या हाताने वेचून काढाव्यात. साल खाणाऱ्या अळीकडे अधिक लक्ष द्यावे. खोडावर किंवा बेचक्याजवळ भुसा आणि विष्ठा यांची तांबूस-तपकिरी, जाळीदार पट्टी चिकटलेली दिसते. ती ब्रशने खरवडून काढली की तिच्या एका टोकाला लाकडात गेलेले छिद्र सापडते. दिवसा अळी त्या छिद्रात असते आणि रात्री जाळीखालून साल खाते. छिद्रात लवचीक तार घालून अळी मारावी आणि आठवड्याने जाळी पुन्हा विणली गेली आहे का ते पाहावे. खोडावर थेट ऊन पडत असेल तर खोडाला चुन्याचा पातळ हात द्यावा.

आफ्रिकेतली पिचकारी, म्हणजे नारिंगी-लाल फुलांचा स्पॅथोडिया, यादीत घालण्याचा मोह झाला तर टाळावा. तोही झपाट्याने वाढतो आणि सुंदर दिसतो, पण जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे आणि त्याचे लाकूडही ठिसूळ असते. नीलमोहरही काही देशांत रानात पसरलेला आहे. जवळ ओढा किंवा जंगल असेल तर त्याच्या शेंगा फुटण्याआधी वेचाव्यात, कारण आतले पंखधारी बी वाऱ्याने दूरवर जाते.

परसदार

सोनमोहराचे रोप बदलून मिळणार आहे. या वेळी छातीएवढे, आधाराशिवाय उभे राहणारे रोप बाजूला काढून ठेवायला सांगितले आहे. गुलमोहराचा दुसरा शेंडा आज कडेच्या बाहेरून कापला. शेवटची एकच शंका: वरंब्यावर लावल्यावर आळे कसे करावे? पाणी उतारावरून वाहून जाईल असे वाटते.

रानवाट

वरंब्याचा माथा सपाट ठेवा, किमान मीटरभर रुंद, आणि हुंडीच्या कडेच्या थोडे बाहेर चार बोटे उंचीचा मातीचा गोल बांध घाला. पाणी एकदम ओतू नये. बादलीच्या बुडाला बारीक भोक पाडून ती बांधाच्या आत ठेवली की तासाभरात हळूहळू सगळे पाणी मुरते. नव्या मुळ्या बाहेर पसरल्या की, म्हणजे साधारण तीन-चार महिन्यांनी, बांध मोडून बाहेरच्या बाजूला नवा घालावा, आणि जोराच्या पावसाच्या दिवसांत त्याला उताराकडे एक खाच ठेवावी, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जाईल.